हिल्ल्याची जागा

त्या वर्षी जूनच्या मध्यावर, हिल्ला, म्हणजे दलदलीत पिकणारं ते नारिंगी रानफळ, ऐन फुलात असताना, लागोपाठ तीन रात्री हिव पडलं. दलदलीवरची पांढरी फुलं सकाळी तपकिरी होऊन शेवाळाला चिकटलेली दिसली. जुलै सरत आला तेव्हा गावात जो तो दुसऱ्याला सांगत होता, की यंदा हिल्ला बुडाला, नारिंगी दाणा नजरेला पडत नाही. आणि असं सांगणारा जो तो पहाटे डबा घेऊन कुठे तरी गडप होत होता.

दूर उत्तरेच्या त्या मुलखात माणसं एकमेकांपासून फारसं काही लपवत नाहीत. नवऱ्याची दारू सुटत नाही हे बायको दुकानात उभ्या उभ्या सांगते. पोराला तुरुंगवास झाला तर बाप सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसून सांगतो. पण आपला हिल्ला कुठे पिकतो हे सख्ख्या भावालाही कुणी सांगत नाही. विचारलंच तर एक ठरलेलं उत्तर असतं, आणि ते खोटं असल्याचं दोघांनाही ठाऊक असतं.

लेम्पी मोइलानेनचं उत्तर होतं मिल्लीवारा. मिल्लीवारा ही पूर्वेकडची टेकडी, घरापासून कोसभर लांब, नुसता खडक आणि पाइन. तिथे हिल्ला होत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. तरी छत्तीस वर्षं लेम्पी दर उन्हाळ्यात मिल्लीवाराला जात होती आणि भरलेले डबे घेऊन येत होती. तिची खरी जागा तिला आईकडून मिळाली होती. आई मरायला टेकली तेव्हा तिने पाद्रीबुवांनासुद्धा खोलीबाहेर काढलं आणि मगच लेकीच्या कानात सांगितलं, असं गावात म्हणत.

मंगळवारी सकाळी धारा काढून झाल्यावर लेम्पीने डोक्याला रुमाल बांधला.

"मी निघते."

"कुठं?" तिच्या नवऱ्याने, टाउनोने विचारलं. हाही रिवाजच.

"मिल्लीवाराला."

"बरं. ऊन आहे. पाणी घे."

ती सायकल हाताने ढकलत फाटकातून बाहेर पडली. तिचा एक बूट रबरी होता आणि एक चामड्याचा. हाक मारून सांगावं असं टाउनोच्या मनात आलं, पण त्याने सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यापासून असल्या गोष्टी सांगितल्या की ती दिवसभर तोंड मिटून बसायची. कॉफीत मीठ पडलं होतं तेव्हा असंच झालं. एका संध्याकाळी तिने विचारलं होतं, "सिर्का अजून शाळेतून कशी आली नाही?" सिर्का चाळिशीची, औलू शहरात दवाखान्यात कामाला. टाउनो म्हणाला होता, "येईल." 

दिवसभर त्याने गवत वाळवण्याच्या खांबांवर चढवलं. गुडघा दुखत होता. पाच वाजले, सहा वाजले. गाई फाटकाशी येऊन हंबरू लागल्या, तेव्हा त्याने पहिल्यांदा रस्त्याकडे नीट पाहिलं.

दोन्ही गाई लेम्पीच्या हाताच्या. टाउनो बसला की त्यातली मान्सिक्की पान्हा चोरायची. त्याने दोनदा प्रयत्न केला, तिने दोनदा बादली लाथेने उडवली. शेवटी तो घरात गेला, लेम्पीचा जुना झगा अंगावर चढवला, तिचा रुमाल डोक्याला बांधला आणि मान खाली घालून बसला. तेव्हा कुठे दूध उतरलं.

"अगं बाई, लेम्पी!" गोठ्याच्या दारातून आवाज आला. "मिशा कधी फुटल्या तुला?"

नदीपलीकडचा कालेर्वो होता. रंडका माणूस, टाउनोच्याच वयाचा, दिवसातून एकदा कॉफीला यायचाच. टाउनोने रुमाल ओढून काढला. गाय दचकून बाजूला सरली.

"ती आली नाही," टाउनो म्हणाला.

कालेर्वोचं हसू जागच्या जागी विरलं. "कुठं गेलीय?"

"मिल्लीवाराला म्हणाली."

कालेर्वोने त्याच्याकडे पाहिलं, मग गाईकडे पाहिलं. "मिल्लीवाराला," तो म्हणाला. "बरं. मी फोन करतो."

त्या दिवसांत तिथे रात्र नुसती नावाला असते. टाउनो पायरीवर बसून राहिला. उजेड जरासा मंदावला आणि पुन्हा वाढला. मच्छर कानाशी गुणगुणत राहिले. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता आणि त्याला टोक सापडत नव्हतं. माणसाचं डोकं घसरायला लागलं की आधी काय जातं, खरं की खोटं? छत्तीस वर्षं खोटं सांगणारी बाई खोटं सांगायचं विसरली असेल, तर ती खरंच मिल्लीवाराला गेली असेल. विसरली नसेल, तर मग ती कुठे असेल हे टाउनोला माहीत होतं.

आणि माहीत असायला नको होतं. अकरा वर्षांपूर्वी, कसल्याशा भांडणानंतर, तो एका पहाटे तिच्या मागोमाग गेला होता. झाडाआडून, चोरासारखा. नदी ओलांडून, हान्हीसुओ नावाच्या मोठ्या दलदलीच्या मधोमध पाइनचं एक बेट आहे, त्याच्या मागच्या अंगाला. तिथे त्याच्या पायाखाली काडी मोडली. लेम्पी तत्काळ खाली बसली आणि पाऊण तास हलली नाही. तोही हलला नाही. मग तो सरपटत मागे फिरला. त्यावर कधी एक शब्द झाला नाही. तिला कळलं नसावं असं तो धरून चालला होता.

बुधवारी सात वाजता अंगणात अठ्ठावीस माणसं आणि एक कुत्रा जमला. शोधाची सूत्रं रित्वा नावाच्या बाईकडे होती. पस्तिशीची, दक्षिणेकडे समुद्रकाठी वाढलेली, दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या शोधपथकात आलेली. तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि त्याचे कोपरे लेम्पीच्या कपांनी दाबून ठेवले.

"सायकल सापडलीय," ती म्हणाली. "मिल्लीवाराच्या रस्त्यावर, दुधाचे कॅन ठेवतात त्या ओट्यापाशी. तिथून सुरुवात करू. मोइलानेन, त्या नेहमी कुठं जातात?"

"मिल्लीवाराला."

"नक्की?"

"तसं म्हणाली."

टेबलाभोवती गावातले पाचसहा जण होते. सगळे आपापल्या कपात बघत राहिले. सायकल जिथे असते तिथे माणूस नसतो, हे त्यांतल्या प्रत्येकाला पाळण्यातून माहीत होतं. प्रत्येकाची स्वतःची सायकलही अशीच कुठे तरी चुकीच्या जागी उभी राहायची. पण घरधनी मिल्लीवारा म्हणतोय, तर त्याच्याच टेबलाशी बसून त्याला खोटं कसं पाडायचं?

"डोकं कसं आहे त्यांचं?" रित्वाने हळू विचारलं.

टाउनोने नकाशावरचा एक कप जरा सरकवला. "चांगलं आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "कधी कधी नाही."

"मग काही माणसं घराच्या आसपासही ठेवायला हवीत. अशी माणसं पुष्कळदा घराजवळच सापडतात. नदीपलीकडचं कुणाला माहीत आहे?"

"मला," कालेर्वो म्हणाला. "हान्हीसुओची उत्तरेकडची बाजू मी बघतो. तिघं द्या मला."

ओट्यापाशी कुत्र्याला लेम्पीची जुनी चप्पल हुंगायला दिली. त्याने सायकलीला एक वेढा घातला आणि तो सरळ उलटा, गावाच्या दिशेने ओढ घेऊ लागला.

"आल्या त्या वासावर चाललाय," कुत्रेवाला म्हणाला आणि त्याला वळवून आणलं. तीनदा वळवलं, तीनदा कुत्रा गावाकडे निघाला. चौथ्यांदा तो रस्त्यावर बसला आणि मालकाच्या तोंडाकडे बघत राहिला. टाउनो ते बघत होता. त्याला वाटलं, आत्ता बोलावं. मग वाटलं, कुत्रेवाल्याला कुत्रं कळतं, आपल्याला काय कळतं.

रांग लागली. दोन माणसांत पाच पावलांचं अंतर, दोन्ही टोकांच्या माणसांनी झाडांना पांढऱ्या चिंध्या बांधत जायचं. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे सापडली. दर शंभर पावलांवर रित्वा थांबवायची, सगळ्यांनी एकदम हाक मारायची, मग एक मिनिट गप्प राहून ऐकायचं.

"लेम्पीऽऽ!"

अठ्ठावीस नव्हे, आता चोवीस गळे. मग शांतता, आणि त्या शांततेत चोवीस माणसांभोवतीचे मच्छर. टाउनो काठीने फांद्या बाजूला करत चालला होता. मोडून पडलेल्या प्रत्येक झाडाखाली वाकून बघायचं. खाली बघायचं, मागे वळून बघायचं, कारण आडोशाला बसलेलं माणूस पुढून दिसत नाही. दुपारपर्यंत त्याच्या पाठीचा काटा ढिला झाला. खडकावरून घसरून त्याच्या हाताचं सालटं निघालं, तेव्हा शेजारचा पोस्टमन म्हणाला, "काका, तुम्ही बसा. आम्ही बघतो." ते ‘काका’ त्याला सालट्यापेक्षा जास्त झोंबलं.

संध्याकाळी नकाशावर मिल्लीवारा लाल पेन्सिलीच्या रेघांनी भरून गेली. लेम्पी नव्हती. कालेर्वोही परत आला.

"उत्तरेकडची बाजू?" रित्वाने विचारलं.

"बघितली. नदीकाठ, जुना चर, सगळं. चराच्या पलीकडं तळ नसलेला चिखल आहे, तिथं माणूस जाऊच शकत नाही. कडेनं फिरून हाका मारल्या."

रित्वाने तोही भाग लाल करून टाकला.

सिर्का आठच्या बसने आली. तिने बापाच्या हाताला पट्टी बांधली, मग रेडिओ लावला. उद्या दुपारनंतर वादळ, रात्रभर पाऊस, पारा चारवर. तिने रेडिओ बंद केला.

"बाबा, आईनं जागा तुम्हाला कधीच दाखवली नाही?"

"नाही." ते खरंच होतं. "तुला?"

सिर्का टेबलावरच्या कपांची ओली वळी बोटाने पुसत होती. "तीनदा म्हणाली, चल दाखवते. मी म्हटलं, आई, मला काय करायचाय हिल्ला? दुकानात मिळतो." तिने शेवटचं वळंही पुसून टाकलं. "तिसऱ्यांदा जरा घाबरल्यासारखी म्हणाली होती. मला तेव्हा काही वाटलं नाही."

टाउनो उठला. रित्वा अंगणात गाडीच्या टपावर नकाशा ठेवून उभी होती. तो तिच्याजवळ गेला. काय बोलायचं ते त्याने दारापासून गाडीपर्यंत जुळवलं होतं, पण पोहोचेपर्यंत सगळं सांडलं.

"एक जागा आहे," तो म्हणाला. "हान्हीसुओच्या मधे. पाइनच्या बेटामागं. असेलच असं नाही. मला माहीत नाही."

रित्वा त्याच्याकडे बघत राहिली. "सकाळी का नाही सांगितलं?"

"ती मिल्लीवारा म्हणाली होती."

"पण तुम्हाला ठाऊक होतं."

"मला ठाऊक असल्याचं तिला ठाऊक नाही," टाउनो म्हणाला. रित्वाला यातलं काही समजलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आपल्यालाही किती समजलंय हे त्याला सांगता आलं नसतं. ती शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं. तिने दिल्या नाहीत. नुसती पेन्सिल काढली आणि म्हणाली, "दाखवा."

त्याच्या बोटाखाली कागदावर काहीच नव्हतं. निळ्या रेघा, दलदलीची खूण. चार पिढ्यांची जागा बोटाच्या नखाएवढी होती.

गुरुवारी सकाळी रांग हान्हीसुओवर उतरली. हवा दाटून आली होती. शेवाळात बूट नळीपर्यंत रुतत होते, उपसताना पचक असा आवाज व्हायचा. टाउनो रांगेच्या मधे होता आणि त्याची छाती पायांच्या पुढे धावत होती. बेट आलं. बेटाला वळसा घालून रांग मागच्या अंगाला उतरली आणि कुणी शिट्टी न वाजवताच थांबली.

बेटाच्या आडोशाला हिव पोहोचलंच नव्हतं. बघावं तिकडे नारिंगी. पिकून, मऊ पडून, काही दाणे देठावरच वितळायला लागलेले. यंदा सबंध पंचक्रोशीत नव्हता तेवढा हिल्ला तिथे एका अंगणभर जागेत उभा होता.

लेम्पी नव्हती. शेवाळात तिच्या पावलाचा ठसा नव्हता. एक दाणा तोडलेला नव्हता.

"आई गं!" रांगेतून कुणी तरी म्हणालं, आणि ते लेम्पीसाठी नव्हतं.

"लेम्पीऽऽ!" सगळ्यांनी हाक मारली. मिनिटभर शांतता. त्या शांततेत टाउनोला बारीक आवाज ऐकू आला. त्याच्या डावीकडचा पोस्टमन वाकला होता, दोन दाणे तोंडात टाकत होता. पलीकडे दुकानदारीणबाई टोपीत वेचत होती. नजरानजर झाली तशी ती कावरीबावरी झाली. "पायाखाली चिरडण्यापेक्षा..." ती म्हणाली. कुणी वाईट नव्हतं. दोन दिवस स्वतःचं काम टाकून आलेली माणसं होती ती. पण टाउनोला वाटलं, आपण लेम्पीला भर बाजारात उघडं केलं, आणि तेही फुकट.

रित्वाने शिट्ट्या वाजवल्या. रांग पुढे गेली. मागे शेवाळावर नारिंगी लगदा उरला.

अकराला सगळे बेटावर कॉफीला बसले. टाउनो खालच्या जागेकडे बघत बसला. इथे ती आली नव्हती. यंदा नाही, आणि त्या जागेचा बेवारस अवतार पाहता गेली कित्येक वर्षं नाही. वेचणाऱ्याची पायवाट दरसाल थोडी तरी उरते. इथे पायवाट शेवाळाने केव्हाच बुजवून टाकली होती. मग दर उन्हाळ्याचे ते डबे कुठून येत होते? अकरा वर्षं तिच्या हातचे खाल्लेले ते मुरंबे, फळं भरून भाजलेले ते पाव, कुठल्या जागेचे होते? त्याला वाटलं, आता आपलंच डोकं घसरतंय.

रित्वा नकाशा बघत होती. "उत्तर झाली. मधला भाग झाला. आता दक्षिण. पाऊस यायच्या आत दक्षिण उरकू."

टाउनोने उत्तरेकडे पाहिलं. जुना चर तिथून दिसत होता, त्याच्या काठची बर्चची झाडंही दिसत होती. चरापलीकडे दलदलीचा एक अरुंद हात जंगलात शिरला होता.

"तिथं कडेनंच बघितलंत ना?" त्याने कालेर्वोला विचारलं.

"सांगितलं ना, तळ नाही तिथं." कालेर्वो कॉफी हलवत होता. त्याची कॉफी काळी होती, साखर तो घेत नसे. "लहानपणी म्हातारा सांगायचा, घोडा गेला होता तिथं."

"पाच आठवडे पाऊस नाही, कालेर्वो."

"तळ नाही म्हणजे नाही."

कालेर्वोने मान वर केली नाही. टाउनो त्याच्या टोपीकडे बघत राहिला. त्याला आठवलं, कुणी हान्हीसुओच्या बेटाबद्दल विचारलं की गेली अकरा वर्षं तो स्वतः काय सांगत आला होता. तिकडं जाऊ नका, तळ नाही. अगदी हेच शब्द. घोड्याऐवजी तो गाय म्हणायचा.

 त्याने काठी घेतली आणि तो उठला.

"मोइलानेन, रांग सोडू नका!" रित्वा ओरडली.

"लघवीला," टाउनो म्हणाला.

चराच्या पलीकडे जमीन घट्ट होती. काठी वीतभर जाऊन खडकाला टेकत होती. घोडाच काय, लग्नाची वरात गेली असती. बर्चच्या आडोशाने शंभर पावलं गेल्यावर त्याला पहिले नारिंगी दाणे दिसले, मग देठं दिसली, नुसती देठं, नीट नखाने खुडलेली. मग एका उंचवट्याला टेकून बसलेली लेम्पी दिसली.

तिचा चेहरा मच्छरांनी सुजून एवढा झाला होता, की डोळ्यांच्या जागी दोन फटी उरल्या होत्या. चामडी बुटातला पाय वाकडा, घोटा भाकरीएवढा सुजलेला. मांडीत डबा होता, काठोकाठ भरलेला, आणि त्यावर तिने रुमाल अंथरला होता.  तो गुडघ्यांवर बसला.

"हळू बोला," लेम्पी म्हणाली. तो काहीच बोलला नव्हता. "लोक आहेत आसपास."

"लेम्पी..."

"कालपासून माझ्या नावानं ओरडतायत. काल तर एकजण अगदी चराशी आला होता, तो कालेर्वो. मी खाली बसून राहिले." तिचे ओठ फुटले होते. "जागेवर असताना हाकेला ओ देतात का कुणी? आणि तीही दुसऱ्याच्या जागेवर?"

तिने त्याला तुम्ही म्हटलं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. त्याने पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली. ती लहान मुलीसारखी प्यायली, निम्मं पाणी हनुवटीवरून ओघळलं.

"ही कालेर्वोची जागा आहे," ती म्हणाली. "तुम्ही कुणाला सांगू नका. मी दरसाल थोडं थोडं उचलते, त्याला कळत नाही. आधी माझी स्वतःची होती. फार छान जागा. आईची."

"मग ती का सोडली?" टाउनोने विचारलं. त्याचा आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला.

लेम्पीने मच्छर हाकलला. हात मधेच खाली पडला. "माझा नवरा आला होता एकदा, मागं मागं. तुम्हाला म्हणून सांगते. गेल्यावर बघितलं, शेवाळात ठसा होता. डाव्या टाचेवर ठिगळ. सायकलच्या ट्यूबचं ते ठिगळ मीच कापून चिकटवलं होतं, मला कळणार नाही?"

आकाश दूरवर गुरगुरलं.

"म्हटलं, असू दे. आवडली असेल त्याला. घेऊ दे." ती दम खात बोलत होती. "मग वाट बघितली. म्हटलं, एखाद्या वर्षी आणेल डबा भरून, ठेवील टेबलावर. मग मी म्हणीन, कुठून आणलास रे? आणि तो म्हणेल, मिल्लीवाराहून." ती हसली असावी. त्या चेहऱ्यावर ते नीट दिसत नव्हतं. "कधी आणलाच नाही."

टाउनो आपल्या हातावरच्या पट्टीकडे बघत होता. सिर्काने बांधलेली पट्टी चिखलाने काळी झाली होती. त्याला म्हणायचं होतं, मी आहे, लेम्पी, मीच. म्हटलं असतं तर तिला तो ओळखू आला असता, किंवा आला नसता. कशाची जास्त भीती वाटते ते त्याला ठरवता येईना.

"त्याला सांगू नका हं," लेम्पी म्हणाली. "वाईट वाटेल त्याला."

"नाही सांगत," टाउनो म्हणाला.

पहिला थेंब डब्यावरच्या रुमालावर पडला. त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि तीनदा फुंकली. तिसरी नीट वाजली नाही, नुसती हवा गेली.

सगळ्यात आधी कालेर्वो आला, धावत, टोपी हातात घेऊन. लेम्पी दिसली तसा तो थांबला. मग त्याला खुडलेली देठं दिसली, मग डबा. 

"मी काल चरापर्यंतच आलो होतो," तो म्हणाला. "टाउनो, मला वाटलं... तिघं अनोळखी होते बरोबर. एवढा हिल्ला. मला वाटलं ती इथं कशाला येईल?" तो शेवाळात गुडघ्यावर बसला. "घाल माझ्या थोबाडीत. घाल गड्या."

टाउनोचा हात उचलला गेला नाही. बुधवारचा दिवस कालेर्वोने घालवला होता. तोच दिवस, त्याच टेबलाशी बसून, टाउनोने स्वतःही घालवला होता. त्यांतला कुठला जास्त लांब होता हे कसं मोजायचं?

"पाय धर तिचा," तो म्हणाला. "घोटा सांभाळून."

दोघांनी हातांचा पाळणा केला आणि तिला उचललं. ती बादलीएवढी हलकी लागली. डबा तिने सोडला नाही. चराच्या अलीकडे पोहोचेपर्यंत बाकीचे येऊन भिडले. सिर्का चिखलात पडत, उठत आली आणि आईच्या गळ्यात तोंड खुपसून रडू लागली. लेम्पी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "शाळा लवकर सुटली वाटतं?"

स्ट्रेचर आलं. घोंगडी गुंडाळली. पाऊस आता सरळ धारांनी पडत होता. कालेर्वोने डबा हळूच तिच्या हातातून सोडवून घेतला, त्यावर आपली टोपी झाकली आणि उघड्या डोक्याने पावसात उभा राहिला.

रित्वाने नकाशा काढला. प्लास्टिकवरून पाणी ओघळत होतं.

"नेमक्या कुठं सापडल्या?" तिने विचारलं. "खूण करायचीय. लाल केलेल्या भागात होत्या की नव्हत्या? मला कळलं पाहिजे, पुढच्या वेळी चूक होता कामा नये."

प्रश्न बरोबर होता. टाउनोने तोंड उघडलं. कालेर्वो आपल्या बुटांकडे बघत होता. पोस्टमन, दुकानदारीणबाई, सगळे चराच्या पलीकडे बघायचं टाळत होते, जणू तिकडे कुणी अंघोळ करत होतं.

घोंगडीतून आवाज आला. दोन दिवसांत पहिल्यांदाच तो स्वच्छ, ठाम, रोजचा होता.

"मिल्लीवाराला," लेम्पी म्हणाली.

रित्वाने तिच्याकडे पाहिलं. मग चराकडे, मग त्या दोन म्हाताऱ्यांकडे. पेन्सिल कागदावर टेकली होती, पण ओल्या कागदावर उमटत नव्हती.

टाउनो लेम्पीच्या चेहऱ्यावर वाकला. सुजलेल्या फटींतून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. ओळखून की न ओळखता, त्याला कळलं नाही. त्याने स्ट्रेचरचा आपला कोपरा उचलला.

"हो," तो म्हणाला. "तिकडंच."